नववा पाडा

आमच्या डहाणूच्या घरी, बाबांच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर, ल्यों नावाच्या एका फ्रेंच शहराचा नकाशा आहे. बियाण्यांच्या दुकानातून मिळालेल्या कॅलेंडरची नऊ पाठकोरी पानं चिकटपट्टीने जोडून तो केलाय. जानेवारी ते सप्टेंबर. उरलेले तीन महिने आईने कपाटाच्या खणात अंथरले. कागद पातळ आहे. मागच्या तारखा उलट्या उमटून दिसतात, आणि शहरातून वाहणाऱ्या दोन नद्यांच्या पात्रात कुठे एकादशी, कुठे अमावस्या पुसटशी तरंगत असते.

हा नकाशा काढणारे माझे बाबा कधी विमानात बसलेले नाहीत. मुंबईच्या पुढे गेलेले नाहीत. मी पाच महिने त्या शहरात शिकायला होते आणि दर रविवारी फोनवर जे सांगत होते, त्यावरून त्यांनी तो काढला. शहराचे नऊ भाग आहेत, त्यांना नुसते आकडे आहेत. बाबा त्यांना पाडे म्हणतात. पहिला पाडा, दुसरा पाडा, असे नऊ.

मी आठ पाडे फिरले. नवव्यात मी गेलेच नाही. त्याच्याबद्दल जे सांगितलं ते सगळं खोलीत बसून रचलेलं होतं.

हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. मी परत आल्यावर दोन महिन्यांनी त्यांच्या पायाचं ऑपरेशन झालं. आता उजवा पाय गुडघ्याखाली नाही. ज्या माणसाचं सगळं आयुष्य चालण्यात गेलं तो माणूस आता रोज संध्याकाळी, आई चहा ठेवते तेव्हा, काठीच्या टोकाने या भिंतीवर फिरायला निघतो. मी दहा दिवसांच्या सुट्टीवर आलेय. रविवारी मुंबईला परत जायचंय. त्याआधी सांगायचं असं गाडीत बसतानाच ठरवलं होतं. आज शुक्रवार आहे.

बाबा तलासरी तालुक्यात आरोग्यसेवक होते. डॉक्टर नव्हते, पण पाड्यांवर सगळे त्यांना डॉक्टरच म्हणायचे, आणि लहान पोरं म्हणायची पावडरवाला. खांद्याला खाकी पिशवी. तिच्यात तापाच्या गोळ्या, रक्ताचा थेंब घ्यायच्या काचा, आणि पाणी निर्जंतुक करायला विहिरीत टाकायची टीसीएल पावडर. त्या पावडरीचा वास आमच्या घरात कायम असायचा. बाबांच्या शर्टाला, दारामागच्या खुंटीला, एकदा तर डब्यातल्या चपातीला. शाळेत एक मैत्रीण म्हणाली, तुझ्या वहीला स्विमिंग टँकसारखा वास येतो. तिने टँक पाहिला होता, मी नव्हता. मला तो बाबांचा वास वाटायचा. अजूनही नळाच्या पाण्यात औषध जरा जास्त पडलं की तोंड धुता धुता माझा हात थांबतो.

मे महिन्यात ते मला बरोबर न्यायचे. सकाळची एसटी, मग हायवेच्या कडेला उतरून आत चालत. अच्छाडच्या नाक्याकडे निघालेल्या ट्रकचे हॉर्न बराच वेळ पाठीशी असायचे. मग एका वळणावर ते एकदम बंद व्हायचे, आणि कुठून तरी कोंबड्याचा आवाज यायचा. तो क्षण मला फार आवडायचा. कान मोकळे झाल्यासारखे वाटायचे. अंगणात मोहाची शेवटची फुलं वाळत घातलेली असायची, त्यांचा जड, गोड, आंबूस वास. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणाने लिंपलेल्या. बाहेर ऊन पेटलेलं असताना त्या भिंतीला गाल लावला की आतला गारवा गालावर यायचा.

बाबांचा एक नियम होता. पाड्यात शिरलं की पहिल्या घरी बसायचं आणि पाणी मागायचं. पाणी प्यायल्याशिवाय काम काढायचं नाही. पावडर टाकलेल्या पाण्याला वास येतो, म्हणून लोक ते ओतून देत आणि ओहोळाचं पाणी भरत. तेव्हा ज्या विहिरीत बाबा पावडर टाकत तिचं पाणी ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आधी स्वतः पीत.

डोंगरपाड्यावर एक म्हातारी होती. ती दर वेळी तांब्या पुढे करून म्हणायची, "पी डॉक्टर, आधी तू पी. तू मेलास तर आम्ही दुसरी विहीर बघू."

"आणि जगलो तर?"

"जगलास तर पुढच्या महिन्यात परत येशील. ते काय कमी दुखणं हाय?"

बाबा घटाघटा पाणी प्यायचे, मिशा पुसायचे आणि मग पिशवी उघडायचे. मला वाटायचं, सगळ्या नोकऱ्या अशाच असतात. सगळीकडे माणसं आधी पाणी पितात.

प्रत्येक पाड्याचा हाताने काढलेला नकाशा त्यांच्या डायरीत असे. घर म्हणजे चौकोन. विहीर म्हणजे एकात एक दोन वर्तुळं. झाडं मात्र ते मन लावून काढायचे, आंब्याला आंब्याची पानं, ताडाला ताडाची. आणि जिथे पाणी प्यायले त्या घराशेजारी निळ्या पेनाने भरलेला एक बारीक गोळा. तो ऑफिसने सांगितलेला नव्हता. त्यांचा स्वतःचा होता. गोळ्यावर बोट ठेवून ते सांगायचे, हे पाणी गार, हे जरा मचूळ, या घरी पितळेच्या पेल्यातून दिलं होतं.

पोलिओच्या डोसाच्या दिवशी खडू माझ्या हातात असायचा. पुढे जमनीबाई, कमरेवर लसीचा डबा. ती त्याच भागातली, गावची दाई, पुढे आशा सेविका झाली. मागे बाबा, वही घेऊन. डोस झाला की त्या घराच्या दारावर मी बरोबरची खूण करायची. घराला कुलूप असेल, किंवा आत माणसं असून नको म्हणत असतील, तर फुली. फुली मारायला मला आवडायचं नाही. शाळेत चुकलेल्या गणितावर बाई मारायच्या तशीच ती दिसायची. एकदा एका कुलूप लावलेल्या दारापुढे मी खडू घेऊन नुसतीच उभी राहिले.

"काय गो, हात दुखतो काय?" जमनीबाईने विचारलं.

"त्यांनी काय केलंय? ते फक्त घरी नाहीत."

बाबा हसले. "अगो बाय, ही चुकीची फुली नाही. ही त्यांच्यासाठी नाहीच, आपल्यासाठी आहे. फुली म्हणजे परत यायचं."

आणि ते परत जायचेच. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. फुली तळहाताने पुसायची आणि तिथे बरोबरची खूण करायची, हे काम मला फार मोठं वाटायचं. घरी येईपर्यंत तळहात पांढरा ठेवायचे मी, धुवायचे नाही.

आता ते कूड राहिले नाहीत. परवा बसमधून जाताना पाहिलं, पत्रे आहेत, विटा आहेत, निळ्या-गुलाबी रंगाच्या भिंती आहेत. चांगलंच आहे, पावसात गळत नसतील. डोंगरपाड्याची म्हातारी गेली. आणि ते वळण, जिथे हॉर्न बंद व्हायचे, ते मला सापडलंच नाही. आवाज आत, खूप आत येतो आता.

कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मी पहिली. भूगोल घेतला तेव्हा आई म्हणाली, "बापाने पाय झिजवले, आता मुलगी नकाशे काढणार." मग एका वर्षी कॉलेजातून मला त्या शहरात पाच महिने पाठवायचं ठरलं. माझं नाव यादीत कसं आलं हे मला आजही नीट कळलेलं नाही. मी दोनदा ऑफिसात जाऊन विचारून आले होते की हे नाव माझंच ना.

निघायच्या दिवशी आईने सुकट द्यायचा हट्ट धरला. विमानात वास येईल म्हणून मी ती काढून ठेवली, आणि ते आईला अजून आठवतं. बाबांनी रुमालात गुंडाळलेला एक खडू दिला.

"हा कशाला, बाबा?"

"असू दे. नवीन जागी पहिल्या घरी पाणी पी. मग बाकीचं होतं सगळं."

आणि मी ते अगदी खरं मानलं. मुंबईच्या मैत्रिणींना नंतर सांगितलं तेव्हा त्या हसून हसून लोळल्या. पण मी खरंच त्या शहराच्या प्रत्येक भागात जाऊन कोणाकडे तरी पाणी मागितलं. माझं फ्रेंच तेव्हा तेवढंच होतं. नमस्कार, माफ करा, पाणी.

शनिवारी मी चालायचे आणि रविवारी तिथल्या सकाळी, म्हणजे इथल्या दुपारी, बाबांना फोन करायचे. ते कॅलेंडरचं पान आणि पेन घेऊन तयारच असायचे.

पाचवा पाडा सगळ्यात जुना. नदी आणि टेकडी यांच्यामध्ये चिंचोळ्या गल्ल्या, गेरूच्या आणि हळदीच्या रंगाची उंच घरं, आणि घरांच्या पोटात लपलेले दगडी चौक. त्या चौकांमध्ये विहिरी आहेत. मी हे सांगितलं तेव्हा बाबा एकदम सरसावले.

"विहिरी? किती?"

"मी तीन पाहिल्या. पण वरून लोखंडी जाळी आहे. कोणी पाणी काढत नाही."

"विहीर आहे आणि पाणी काढत नाहीत? मग ठेवल्यात कशाला?"

"बघायला."

मग ते म्हणाले, "बघायला विहीर." आणि त्यांनी तिन्ही विहिरी काढल्या, एकात एक दोन वर्तुळं. त्या पाड्यात मला वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने पाणी दिलं. दुकानात लाकडाचा भुसा, सरस आणि कॉफी असा वास होता. त्याने मला पाण्याबरोबर खुर्चीही दिली. पाणी संपेपर्यंत आम्ही दोघं काही न बोलता बसलो होतो, आणि मला तिथे पहिल्यांदा बरं वाटलं.

सातव्यात वेगवेगळ्या देशांची दुकानं एकाला एक लागून. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, मोठमोठ्या गोणींत तांदूळ. एका दुकानात शिरले तर सुक्या मासळीचा वास आला आणि मी दारातच उभी राहिले. डहाणूच्या खाडीवर बोंबील वाळत घातलेले बांबूचे मांडव, वाऱ्यावर हलणारे, त्यांच्याखाली झोपलेली मांजरं, सगळं त्या दारात आलं. मालकीण तमिळ बोलणारी होती. पाणी देताना तिने पेला दोन्ही हातांनी दिला. मी सुकट विकत घेतली नाही. आईची काढून ठेवलेली आठवली.

सहाव्यात मोठं उद्यान आणि मोठी दारं. दारांना कुलूपसुद्धा दिसत नाही, आकडे दाबायचे असतात. तिथे मी दोन तास फिरले. कोणाला पाणी मागावं असा एकही चेहरा दिसला नाही. शेवटी उद्यानाच्या नळावर प्यायले.

"नळ म्हणजे कोणाचं घर नव्हे," बाबा विचार करत म्हणाले. "पण अगदीच नाही असंही नाही. अर्धा गोळा देतो."

म्हणून सहाव्या पानावर अर्धा गोळा आहे. कोणी भेटायला आलं की बाबा तो मुद्दाम दाखवतात. "श्रीमंत पाडा," म्हणतात.

पण सगळ्यात जास्त आठवतो तो चौथा. उंच टेकडीवर, विणकरांचा. पूर्वी घराघरांत रेशमाचे माग होते. माग उंच असायचे म्हणून घरांची छतंही उंच. माग गेले, उंची राहिली. त्या टेकडीच्या उतारावर अशा वाटा आहेत की एका गल्लीतल्या दारातून आत शिरायचं, जिने उतरायचे, कोणाच्या तरी चौकातून जायचं आणि दुसऱ्याच गल्लीत निघायचं. पावसात रेशमाचे गठ्ठे भिजू नयेत म्हणून तिकडून नेत, असं सांगतात. बाबांना यात काहीच नवल वाटलं नाही. "आपणही खडकपाड्यावर असंच जायचो की. हिच्या ओटीवरून, तिच्या परसातून. विचारून जायचं फक्त."

तिथे एका म्हाताऱ्या बाईने मला पाणी दिलं. तिसऱ्या मजल्यावरून खाली आणून दिलं, कारण माझ्या मोडक्या फ्रेंचमधून तिला वाटलं मला चक्कर येतेय. तिने माझा हात धरून ठेवला होता. ती वर गेल्यावर मला काय वाटलं सांगता येत नाही. खडू पर्समध्येच होता. मी तिच्या इमारतीच्या दाराच्या चौकटीवर, खाली कोपऱ्यात, बरोबरची एक बारीक खूण केली.

तेवढ्यात मागून एक माणूस ओरडला. कुत्रं घेऊन चाललेला शेजारी. मला एवढंच कळलं की तो पोलीस म्हणतोय. नंतर कळलं की चोर तिकडे म्हणे असं करतात, रिकाम्या घरांवर खडूने खुणा करून ठेवतात. मी नुसती "पाणी, पाणी" म्हणत राहिले. कुत्रं भुंकायला लागलं. खिडक्या उघडल्या. शेवटी ती म्हातारी पुन्हा तीन मजले उतरून आली, खूण बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि त्या शेजाऱ्याला असं काही बोलली की तो कुत्र्याला ओढत निघून गेला. मी तळहाताने खूण पुसली. हात पांढरा झाला. त्या दिवशीही मी तो खोलीवर पोहोचेपर्यंत धुतला नाही.

बाबांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "चूक माझी," म्हणाले. "खडू देताना सांगायला हवं होतं, की खूण कोणासाठी आहे ते लोकांना माहीत असेल तरच करायची."

असे आठ पाडे झाले. नववा राहिला.

डिसेंबरात एका संध्याकाळी त्या शहरात सगळ्या खिडक्यांत दिवे लावतात. काचेच्या छोट्या पेल्यांत मेणबत्त्या, सज्जासज्जांवर ओळीने. आठव्या पाड्यातल्या माझ्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीतले तेवढे दिसत. मी खाली उतरले नाही. त्यानंतर मी फारशी उतरलेच नाही. का, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. काही वाईट घडलं नव्हतं. सकाळ उशिरा यायची, दुपारी चारनंतर जायची. अंथरुणातून उठून बुटांपर्यंत जाणं लांब वाटायला लागलं. वर्ग बुडले. मी ब्रेड खायचे, झोपायचे, भिंतीकडे बघायचे. पाड्यापाड्यावर पाणी मागत फिरणारी मुलगी कोण होती ते मला आठवेना.

पण रविवार यायचाच. आणि बाबांचा आवाज, "हां बाय, सांग. आज कुठला?"

पहिल्या रविवारी सांगितलं, पाऊस होता. दुसऱ्या रविवारी, परीक्षा आहे. तिसऱ्या रविवारी माझ्याकडे कारण उरलं नाही आणि मी नववा पाडा सांगायला सुरुवात केली. नदीचा काठ होता म्हटलं, तो असणारच. काठावर एक मोठं झाड. बाबांनी विचारलं कसलं. मी म्हटलं अक्रोडाचं. झाडाखाली बाकडं, बाकड्यावर पत्ते खेळणारी म्हातारी माणसं. लाल कौलांची बुटकी घरं. घरासमोर वाळत घातलेले कपडे. जे जे सुचेल ते सांगत गेले, आणि सांगताना माझ्या लक्षात आलं की हा फ्रान्समधला पाडाच नाही, हा आमचाच कुठला तरी आहे, फक्त मोहाच्या जागी अक्रोड. बाबा मधे मधे "हां", "हां" करत होते. नेहमीसारखे प्रश्न मात्र विचारत नव्हते. मला वाटलं, बरं झालं.

तो पाडा त्यांनी सगळ्यात सुंदर काढलाय. अक्रोडाचं झाड त्यांनी कधी पाहिलेलं नाही, कुठल्याशा पुस्तकात बघून काढलं, एकेक पान. ते झाड अर्ध्या सप्टेंबरवर पसरलंय.

गेले आठ दिवस मी रोज संध्याकाळी पलंगाच्या पायथ्याशी बसते. बाबांची काठी पहिल्या पाड्यातून निघते, नदी ओलांडते, विणकरांची टेकडी चढते. टेकडी चढताना ते खरंच जरा हळू होतात. आई आतून म्हणते, "नवरा दिवसभर फ्रान्सात, आणि भाजी निवडायला मी डहाणूत." काठी आठव्या पाड्यापर्यंत येते. मग चहा येतो. नववा राहून जातो. मला वाटत होतं मीच काही तरी विषय काढून तो टाळतेय.

आज दुपारी जमनीबाई आली. तलासरीहून दोन बस बदलून, फडक्यात बांधलेले ताडगोळे घेऊन. केस पिकलेत, चाल तीच. बाबांच्या पायाकडे तिने एकदाच बघितलं आणि म्हणाली, "एक तं हाय ना. तू दोन पायांनी खूप फिरलास. अर्धं तालुकं झिजवलंस." बाबा पुष्कळ दिवसांनी मोठ्याने हसले.

मग तिचं लक्ष भिंतीकडे गेलं.

"हे कोणाचं पाडं?"

"हिचं," बाबा म्हणाले. "तिकडच्या देशातलं."

जमनीबाई भिंतीशी गेली. तिला वाचता येत नाही, पण बाबांचे नकाशे तिने पंचवीस वर्षं वाचलेत. एकेका पानावर बोट फिरवत ती म्हणत गेली, "इथं पाणी पेली... इथं पेली... इथं अर्धंच पेली, का गो?" मी सांगितलं, तिथे नळ होता. ती पुढे सरकली. नवव्यापाशी थांबली. अक्रोडाच्या पानांमध्ये नाक खुपसून बघितल्यासारखं बघितलं.

"आणि ही फुली?"

मी उठून गेले. झाडाच्या बुंध्याशी, पानांच्या सावलीत, पेन्सिलने काढलेली एक बारीक फुली होती. इतकी बारीक की मला आठ दिवसांत दिसली नव्हती. त्या पानावर गोळा कुठेच नव्हता. अर्धासुद्धा.

"तो पाडा राहिलाय," बाबा म्हणाले, ताडगोळा सोलत. माझ्याकडे न बघता.

"मग जा की परत," जमनीबाई मला म्हणाली. "फुली मारून घरी बसायचं नसतं. तुला काय शिकवलंय आम्ही?" आणि ती आईशी बोलायला आत गेली, तिच्या सुनेबद्दल, तिच्या गुडघ्याबद्दल.

मी तिथेच उभी राहिले. फुलीवरून बोट फिरवलं, पुसली जाऊ नये इतक्या हलक्या हाताने.

"बाबा."

"आधी पाणी आण."

मी स्वयंपाकघरात गेले, माठातून तांब्या भरला, पेला घेतला. थोडं पाणी ओट्यावर सांडलं. आईने ते फडक्याने पुसून घेतलं. परत येऊन पेला बाबांपुढे धरला, तर त्यांनी मान हलवली.

"तू पी."

मी प्यायले. पूर्ण पेला. मग म्हटलं, "मी तिथे गेले नव्हते. झाड, बाकडं, सगळं खोटं आहे. तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. तू सगळं सांगितलंस, पाणी कोणी दिलं ते नाही सांगितलंस."

"मग तेव्हाच का नाही विचारलंत?"

त्यांनी ताडगोळ्याची साल बोटांनी गुंडाळली. "कुलूप असलेल्या घराचं दार आपण कधी फोडलंय काय? फुली मारायची. परत जायचं." मग म्हणाले, "दर रविवारी फोनची वाट बघायचो. तुझा आवाज आला की बरं वाटायचं, की आत माणूस आहे." त्यांनी साल बाजूला ठेवली. "पण मला भीती वाटायची गो बाय. एवढ्या लांबच्या पाड्यावर मी चालत येऊ शकलो नसतो."

मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. त्यांनी मला गप्प केलं नाही. झाल्यावर त्यांनी उशीखालची पेन्सिल काढली.

"नववा राहू दे. त्या दिवसांत जिथे होतीस ते सांग. खिडकी कुठल्या बाजूला होती?"

"पूर्वेला."

"उजेड?"

"थोडा. दुपारनंतर नाहीच."

आठव्या पानावर माझी खोली म्हणून त्यांनी कधीच एक चौकोन काढून ठेवला होता. त्याच्याजवळ कधी काही लिहिलं नव्हतं. आता त्यात त्यांनी खिडकी काढली, खाट काढली, दार काढलं. मी सांगत गेले. भिंतीचा रंग, खोली गरम करणारी, खडखडणारी ती लोखंडी जाळी, दारापाशी तसेच पडलेले बूट. कोणाला कधी सांगेन असं वाटलं नव्हतं ते सगळं एकेक करून त्या चौकोनात जाऊन बसत होतं.

"आणि पाणी?" बाबांनी विचारलं.

मी म्हणणार होते, खोलीत नळ होता. पण तोंड उघडलं आणि भलतंच आठवलं. इतके दिवस हे आठवलंच नव्हतं. दारावर हळूच दोनदा टकटक. मी उठत नसे. बऱ्याच वेळाने दार उघडलं की उंबऱ्यापाशी पाण्याची भरलेली बाटली, कधी बरोबर एक संत्रं. समोरच्या खोलीतली मुलगी ठेवून जायची. उंच, डोक्याला पिवळा रुमाल बांधणारी. जवळजवळ रोज.

"कोण ती? कुठली?"

"माहीत नाही. मी तिचं नाव कधी विचारलंच नाही. निघतानासुद्धा तिच्या दाराला कुलूप होतं."

बाबांनी निळं पेन मागितलं. माझ्या चौकोनासमोर त्यांनी आणखी एक चौकोन काढला आणि त्याच्याशेजारी पूर्ण भरलेला गोळा. मग पेन ठेवून पेन्सिल घेतली, आणि त्या दारावर, जपून, एक बारीक फुली काढली.